दुर्धर आजार, उपचाराची मर्यादा आणि शरीयतचे मार्गदर्शन

मानवी जीवन ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. हा देह आपण वापरतो, परंतु त्याचे स्वामित्व आपल्याकडे नाही. या अमानतीचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे आणि ज्याने ती दिली त्याने परत मागितली की ती समाधानाने परत करणे हेही आपले कर्तव्यच आहे. ज्या घरात दुर्धर आजाराने प्रवेश केला आहे, ते घर या दोन कर्तव्यांच्या मध्ये उभे असते. उपचार करावा की नाही? कोणता करावा? घर विकून, कर्ज काढून करावा काय? यंत्राच्या आधारे चालणारा श्वास कुठवर चालू ठेवावा? या प्रश्नांची उत्तरे बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात, अपरात्री आणि घाईने द्यावी लागतात. त्या वेळी शिकण्यास अवधी नसतो. म्हणून, प्रिय वाचकहो, घरात सर्वजण निरोगी असताना हा पाठ एकत्र बसून वाचावा, अशी विनंती आहे.

एक उदाहरण

विषय समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यातील सालवड हे गाव बोईसरजवळ, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून आहे. येथील एका कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या कामगाराचे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. त्यांचा चार वर्षांचा मुलगा चालताना वारंवार पडतो. त्याला जिना चढता येत नाही. जमिनीवरून उठताना तो दोन्ही हात मांड्यांवर टेकत टेकत उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, म्हणून आजी म्हणते, "पोरगा तब्येतीने चांगला आहे, जरा आळशी आहे." मग टॉनिक दिले जाते, मालिश होते, कोणी नजर लागल्याचे सांगतो, कोणी कारखान्यांच्या धुराला दोष देतो. या सर्वांत दोन-तीन वर्षे निघून जातात.

वर सांगितलेली लक्षणे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची आहेत. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. स्नायू टिकवून ठेवणारे एक प्रथिन शरीरात तयार होत नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातात. उपचार न मिळाल्यास बहुतेक मुलांचे चालणे बाराव्या वर्षाच्या सुमारास थांबते आणि पुढे श्वास व हृदय यांवर परिणाम होतो. याची पहिली शंका सीपीके नावाच्या साध्या रक्ततपासणीने येऊ शकते. त्यानंतर जनुकीय चाचणीने निदान पक्के होते. आजार मुळापासून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. तरीही स्टेरॉइड औषधे, व्यायामोपचार, हृदयाची नियमित तपासणी आणि वेळ येताच श्वासाला दिलेला आधार यांमुळे आयुष्य बरेच वाढते व सुसह्य होते. म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्याचे नाव लवकर कळण्याला मोल आहे. हे उदाहरण लक्षात ठेवून आता शरीयतचे मार्गदर्शन क्रमाने पाहू.

१. आजार हा दोषारोपाचा विषय नाही

मूल आजारी निघाले की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न विचारला जातो, "हे कोणाकडून आले?" आणि बोट सुनेकडे वळते. ड्युशेनसारख्या आजारात सदोष जनुक आईकडून मुलाकडे येऊ शकते, हे खरे. परंतु सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये तो दोष आईत नसतोच, तो नव्यानेच उद्भवलेला असतो. आईत असला तरी तिने तो निवडलेला नाही. तोही तिच्या निर्मात्याच्या निर्णयाचाच भाग आहे. अशा मातेला टोमणे मारणे, तिला माहेरी पाठविणे किंवा मुलाने दुसरा विवाह करावा असा आग्रह धरणे हा उघड अन्याय आहे. निरपराध श्रद्धावान स्त्री-पुरुषांना पीडा देणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनने सूरह अल-अहजाबमध्ये (आयत ५८) कठोर ताकीद दिली आहे.

आजार म्हणजे पापाची शिक्षा, हा समजही योग्य नव्हे. आदरणीय अय्यूब (अलै.) हे अल्लाहचे प्रेषित होते, तरी त्यांना दीर्घ व्याधी भोगावी लागली. त्यांनी आपल्या पालनकर्त्याला आपले दुःख सांगितले आणि त्याच्या करुणेचा धावा केला. सूरह अल-अंबियामध्ये (आयत ८३ व ८४) याचे वर्णन आहे. यावरून दोन गोष्टी कळतात. वेदना बोलून दाखविणे सब्रच्या विरुद्ध नाही. आणि ज्याच्यावर संकट येते तो अल्लाहपासून दूर गेला आहे, असे मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२. उपचार शोधणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर उपायही उतरविला आहे, या आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. काही ग्रामीण अरबांनी उपचार करावा काय असे विचारले असता आदरणीय प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्याचा अपवाद सांगितला. हे कथन अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. आज उपाय माहीत नसला तरी तो शोधण्याची दिशा या शिकवणीत आहे. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसलेला संशोधक नकळत याच दिशेने चाललेला असतो.

माननीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळात सीरियात प्लेगची साथ पसरली. सीमेवर पोहोचल्यानंतर त्यांनी सल्लामसलत करून परत फिरण्याचा निर्णय घेतला. माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की, आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. आजार तकदीर आहे आणि औषधही तकदीरच आहे. "नशिबात असेल ते होईल" म्हणून मुलाची तपासणी टाळणाऱ्या पित्याने या प्रसंगावर विचार करावा. दुआ आणि रुकय्या यांचे स्थान अबाधित आहे. परंतु त्यांच्या नावाखाली डॉक्टरकडे जाण्यास विलंब करणे सुन्नतमध्ये बसत नाही.

मग प्रत्येक उपचार सक्तीचा आहे काय? याचे उत्तर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकॅडमीने १९९२ मध्ये जेद्दाह येथील अधिवेशनात दिले आहे. उपचार न केल्याने जीव किंवा अवयव जाणार असेल अथवा आजार इतरांना लागणार असेल, तर उपचार वाजिब आहे. ज्यात अशक्तता येईल पण वरील धोका नाही, तेथे तो मुस्तहब म्हणजे पसंतीचा आहे. इतर वेळी तो केवळ अनुज्ञेय असतो आणि ज्या उपचाराने मूळ आजाराहून मोठी हानी होण्याची भीती आहे, तो अप्रिय ठरतो. याला हदीसचाही आधार आहे. अपस्माराने पीडित एका स्त्रीने प्रेषितांकडे (स.) दुआची याचना केली. त्यांनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले, सब्र करून जन्नत मिळविणे अथवा आरोग्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला. मात्र झटक्याच्या वेळी आपला देह उघडा पडू नये, एवढी दुआ तिने मागितली. उपचार न घेण्याची मोकळीक काही परिस्थितींत रुग्णाला आहे आणि त्याची प्रतिष्ठा जपणे हेही महत्त्वाचे आहे, असे दोन बोध यातून मिळतात.

३. निदानाचा मार्ग

जाणकारांना विचारा, ही कुरआनची सर्वसाधारण शिकवण आहे (सूरह अन-नहल, आयत ४३). वैद्यकीय प्रश्नात जाणकार म्हणजे त्या विषयाचा डॉक्टर. भारत सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यानुसार काही रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रे म्हणून मान्यता मिळाली असून मुंबईतील परळचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. धोरणात समाविष्ट आजारांसाठी अशा केंद्रामार्फत प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली. प्रत्येक आजार त्या यादीत नाही आणि काही औषधांची किंमत या रकमेच्या कितीतरी पुढे जाते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारावरील एका जनुकीय औषधाची किंमत १६ कोटी रुपये असल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. तथापि केंद्रात नाव नोंदविल्याशिवाय आपल्याला काय मिळू शकते, हेही कळत नाही.

बोईसरहून परळ सुमारे १०० किलोमीटर आहे. रोजंदारी बुडवून, गाडीच्या गर्दीत अशक्त मुलाला घेऊन वारंवार जाणे किती कठीण आहे, हे त्या कुटुंबालाच ठाऊक. म्हणून पहिल्या खेपेपूर्वी तयारी करावी. आतापर्यंतचे सर्व कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. मूल केव्हा बसले, केव्हा चालले, केव्हापासून पडू लागले, हे लिहून काढावे. त्याच्या पडण्या-उठण्याचे मोबाईलवर चित्रण करावे. नात्यात असाच आजार कोणाला होता काय, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून घ्यावी आणि ती लाजेने लपवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो काय, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. आणि ज्या शेजाऱ्याला रविवारी सुट्टी आहे, त्याने ती फाइल लावून देण्यास एक तास द्यावा. आजारी बंद्याच्या भेटीला न जाणाऱ्याला अल्लाह कयामतच्या दिवशी त्याविषयी विचारील, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. भेटीला जाणे म्हणजे फळे ठेवून परतणे एवढेच समजू नये.

४. नात्यातील विवाह

चुलत, मामे, आते व मावस भावंडांतील विवाह शरीयतमध्ये वैध आहे. तो वैध आहे म्हणजे आवश्यक आहे असे नव्हे. थॅलॅसेमिया, सिकलसेल, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी असे कित्येक आजार तेव्हाच होतात, जेव्हा माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक येते. असे दोघे वाहक स्वतः निरोगी असतात, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने सुरू होतो. सख्ख्या चुलत भावंडांत जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत सोयरीक होत असेल तर ती आणखी वाढते.

यावर उपाय तपासणीचा आहे. सौदी अरेबियात २००४ पासून विवाहापूर्वी सिकलसेल व थॅलॅसेमियाची तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडेही निकाहच्या बोलणीत दागिने व जेवणावळीबरोबर या रक्ततपासणीचा विषय निघावा. पहिले मूल आजारी असेल तर पुढील गर्भधारणेपूर्वीच जनुकीय सल्ला घ्यावा. कारण गर्भाविषयीचे निर्णय शरीयत व कायदा या दोहोंत काळाशी बांधलेले आहेत. मक्का येथील फिक्ह परिषदेने १९९० मध्ये गर्भात गंभीर व असाध्य व्यंग असल्याचे विश्वासू तज्ज्ञांच्या समितीने सिद्ध केल्यास १२० दिवसांपूर्वी गर्भपाताची सवलत मान्य केली, त्यानंतर मात्र मातेच्या जीवाला धोका असल्याखेरीज ती नाही. हा निर्णय कोणत्याही दांपत्याने स्वतःच्या मताने घेऊ नये. डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारावे.

५. खर्च, कर्ज आणि आप्तांचे हक्क

अल्लाह कोणत्याही जीवावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही, हे सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत (२८६) सांगितले आहे. ज्या उपचाराने मुलाला निश्चित लाभ आहे, त्यासाठी पित्याने झटावे, समाजाने साहाय्य करावे. गरीब आणि कर्जबाजारी रुग्ण जकातच्या मानकऱ्यांत येतात (सूरह अत-तौबा, आयत ६०). मस्जिदच्या जमाअतीने रमजानमध्ये जकातचे वाटप करताना अशा घरांची नावे आधी काढावीत.

परंतु डॉक्टर स्पष्ट सांगत असतील की आता उपचाराने मृत्यूची प्रक्रिया केवळ लांबेल, तरीही "लोक काय म्हणतील" या भीतीने घर गहाण टाकणे शरीयतला अपेक्षित नाही. माननीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपली बहुतेक संपत्ती दान करू इच्छीत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एक-तृतीयांशावर थांबविले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा संपन्न ठेवणे चांगले, असे समजाविले. दानासारख्या पुण्यकर्मात जर वारसांचा असा विचार केला जातो, तर निष्फळ उपचारात तो अधिकच करावा लागेल. उरलेल्या मुलांचे शिक्षण, विधवेचे छप्पर आणि सावकाराचे देणे हेही हक्कच आहेत.

६. मृत्यूची इच्छा आणि मृत्यू घडविणे

वेदना असह्य झाली की रुग्ण म्हणतो, "आता सोडवा मला." त्याला रागावू नये. संकटामुळे मृत्यूची इच्छा करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. पण त्याच हदीसमध्ये त्यांनी वाटही दाखविली. फारच असह्य झाले तर, जीवन माझ्यासाठी भले असेपर्यंत मला जिवंत ठेव आणि मृत्यू भला असेल तेव्हा मृत्यू दे, या आशयाची दुआ करावी. ही हदीस माननीय अनस (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आली आहे. रुग्णाच्या उशाशी बसून ही दुआ त्याच्यासोबत म्हणावी.

तथापि मृत्यू यावा म्हणून प्राणघातक इंजेक्शन देणे, औषधाची मात्रा हेतुपुरस्सर वाढविणे किंवा रुग्णाने स्वतः जीव देणे हे निषिद्ध आहे. सूरह अन-निसामध्ये (आयत २९) स्वतःला ठार करण्यास मनाई आहे आणि त्याच ठिकाणी अल्लाहच्या दयेचा उल्लेख आहे. जखमेच्या वेदनेने अधीर होऊन स्वतःची नस कापून घेणाऱ्या माणसाचे उदाहरण हदीसमध्ये इशारा म्हणून आले आहे. दयेच्या भावनेनेही हा निषेध उठत नाही. भारतीय कायद्यानुसारही दुसऱ्याचा असा मृत्यू घडविणे गुन्हा आहे.

७. यंत्र केव्हा चालवावे, केव्हा थांबवावे

येथे पुष्कळ घरांत गोंधळ होतो. "व्हेंटिलेटर काढणे म्हणजे खून" असे एक नातलग म्हणतो, "व्हेंटिलेटर लावणेच निरर्थक" असे दुसरा म्हणतो. यंत्र एकच असले तरी परिस्थिती वेगवेगळी असते. आपल्या उदाहरणातील मुलगा आता वीस वर्षांचा झाला आहे, व्हीलचेअरवर बसून शिकतो आहे आणि रात्री झोपेत त्याचा श्वास अपुरा पडतो. त्याला घरी बायपॅप यंत्र लावले तर तो कित्येक वर्षे चांगले जगू शकतो. हा उपचार लाभदायक आहे. आजार बरा होणार नाही म्हणून तो नाकारणे योग्य नव्हे. अपंग जीवन कमी मोलाचे असते, असे शरीयत मानत नाही. याउलट त्याच रुग्णाचे हृदय पूर्ण खचले आहे, इतर अवयव निकामी होत आहेत आणि सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे की यंत्र केवळ शेवटचा क्षण पुढे ढकलत आहे, तेव्हा यंत्र न लावणे अथवा काढणे म्हणजे ठार मारणे नव्हे. तेथे मृत्यूचे कारण आजार असतो.

अम्मान येथे १९८६ मध्ये फिक्ह अकॅडमीने ठरविले की, मेंदूचे सर्व कार्य कायमचे बंद पडल्याचे तज्ज्ञांनी निश्चित केल्यास, यंत्रामुळे हृदय चालू असले तरी यंत्र काढता येते. मक्का येथील परिषदेने १९८७ मध्ये यंत्र काढण्यास संमती दिली, मात्र शरीयतनुसार मृत्यू झाल्याचा निर्णय श्वास व हृदय थांबल्यावरच द्यावा असे म्हटले. त्यामुळे इद्दत व वारसा यांच्या तारखेविषयी आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

बेशुद्ध पण स्वतः श्वास घेणारा रुग्ण यात येत नाही, हे नीट समजून घ्यावे. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तेथेच अंथरुणावर होत्या. त्यांचे अन्न थांबविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी नाकारली. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना त्या जिवंत राहाव्यात असे वाटत होते. या निकालातच न्यायालयाने कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्गही मान्य केला. त्या परिचारिकांनी इतक्या दीर्घ काळ जी शुश्रूषा केली, ती प्रत्येक श्रद्धावंताने आदर्श मानावी अशी आहे. यंत्राविना जगणाऱ्या रुग्णाला अन्न, पाणी, स्वच्छता आणि कूस बदलणे हे त्याचे हक्क आहेत. नळीवाटे अन्न देण्याविषयी अगदी शेवटच्या अवस्थेत डॉक्टर वेगळा सल्ला देतात आणि उलमांतही चर्चा आहे. म्हणून तो निर्णय विचारल्याविना घेऊ नये.

८. कायद्याची वाट

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, असा निर्णय दिला आणि लिव्हिंग विल म्हणजे पूर्वनिर्देशाला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी करण्यात आली. आता प्रौढ व शुद्धीत असलेली व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर असा लेख करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करू शकते. पुढे प्रसंग आलाच, तर उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते, नंतर दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळविले जाते. लेख केलेला नसला तरी निकटच्या नातलगांच्या संमतीने हीच पद्धत लागू होते.

या लेखात मुस्लिम व्यक्तीने आपली मर्यादा स्पष्ट लिहावी. मृत्यू घडविणारी कोणतीही कृती नको. वेदनाशमन, अन्न-पाणी आणि स्वच्छता चालू राहावी. बरे होण्याची आशा संपल्याचे विश्वासू तज्ज्ञांनी ठरविल्यावर केवळ मृत्यू लांबविणारी यंत्रे लावू नयेत. निर्णयापूर्वी अमुक आलिमांचा सल्ला घ्यावा. कायदा जे करू देतो ते सर्व शरीयतमध्ये अनुज्ञेय असतेच असे नाही, म्हणून ही स्पष्टता हवी.

आपल्याकडे बहुधा यापैकी काहीच होत नाही. पैसे संपले की कुटुंब "आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करते आणि धापा टाकणाऱ्या रुग्णाला वाहनात घालून घरी आणते. वेदनाशामक नाही, ऑक्सिजन नाही, मार्गदर्शन नाही. घरी मरण येणे वाईट नाही. पण तडफडत येऊ नये. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा उपचार निष्फळ आहे म्हणून आपण थांबवतो आहोत की केवळ पैसे नाहीत म्हणून? पैशांमुळे असेल तर सरकारी रुग्णालय, योजना व जमाअत यांची दारे आधी ठोठवावीत. आणि घरी नेल्यावर श्वास व वेदना यांसाठी काय द्यावयाचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

वेदना शमविण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत घेण्यास गरजेच्या नियमानुसार मुभा आहे. हेतू वेदना कमी करण्याचा असावा. वेदना सोसल्यानेच सवाब मिळतो, म्हणून औषध रोखून धरणे हा रुग्णावर अन्याय आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन अशी औषधे रुग्णालयांना मिळणे सुलभ झाले. शांतिदायी उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर या विभागाची चौकशी मोठ्या रुग्णालयात अवश्य करावी. ही सेवा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवण्याची नसते. निदानाच्या दिवसापासून ती घेता येते.

९. रुग्णाचे हक्क

घरातील वडीलधारे बहुधा रुग्णाच्या पाठीमागे सर्व ठरवितात. "अब्बांना काही सांगू नका, खचतील." परंतु अब्बांना कोणाचे देणे फेडावयाचे आहे, कोणाची क्षमा मागावयाची आहे, हे त्यांनाच माहीत असते. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने दोन रात्रीही ती लिहून ठेवल्याविना घालवू नयेत, या आशयाची हदीस माननीय इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आली आहे. सत्य दडवून आपण रुग्णाची ती संधी हिरावून घेतो. सत्य सांगावे, पण हळुवारपणे, त्याला पेलेल तेवढे आणि आशेचे दार उघडे ठेवून. मृत्युशय्येवरील दानपत्राला शरीयतमध्ये वसीयतचे नियम लागू होतात, म्हणजे एक-तृतीयांशापर्यंत आणि वारसाला इतर वारसांच्या संमतीविना नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नमाजही रुग्णाचा हक्क आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, असे प्रेषितांनी (स.) माननीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांना शिकविले. वुजू अशक्य असेल तर तयम्मुम आहे. लघवीची नळी लावलेली आहे म्हणून नमाज सोडण्याचे कारण नाही. अशा असहाय रुग्णासाठी सवलतीचे नियम आहेत, ते इमामसाहेबांनी खाटेजवळ येऊन समजावून द्यावेत. अखेरच्या घटकेला जवळ बसून कलिमा हळू उच्चारावा, त्याला म्हणावयास भाग पाडू नये आणि अल्लाहच्या करुणेची आठवण द्यावी.

कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा

१. आपल्या घरात कोणत्या आजारांची परंपरा आहे, हे मुलांना ठाऊक आहे काय?
२. घरात विवाहयोग्य मुलगा-मुलगी असल्यास थॅलॅसेमिया व सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?
३. घरातील ज्येष्ठांची वसीयत लिहिलेली आहे काय? आपण अंथरुणाला खिळलो तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यांनी सांगून ठेवले आहे काय?
४. आपल्या मोहल्ल्यात दीर्घ आजाराचा रुग्ण कोणत्या घरात आहे? या आठवड्यात आपण त्या मातेची एक रात्रपाळी स्वतःकडे घेऊ शकतो काय?

चौथा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि त्याचे उत्तर आजच देता येईल. ज्या घरातील मूल रात्री सात-आठ वेळा कूस बदलून मागते, त्या मातेला सलग चार तास झोप मिळाली तर तीही शिफाच आहे.

अल्लाह आमच्या रुग्णांना आरोग्य देवो, ज्यांचे आयुष्य पूर्ण झाले आहे त्यांना ईमानवर आणि वेदनारहित निरोप देवो, आणि निर्णयाचे ओझे वाहणाऱ्या माता-पित्यांच्या मनाला स्थैर्य देवो. आमीन.